दोनशे सोळा सेकंदांची लाट

आमच्या वेधशाळेच्या कँटीनमध्ये मागच्या वर्षी एक विनोद फिरत होता. दुर्बिणीचं चाक बदललेलं पाहून सूर्य म्हणे घाबरला आणि त्याने स्वतःची लय बदलली. सांगणारा माझ्याकडे पाठ करून उभा होता. ऐकणाऱ्यांना मात्र मी दिसले. त्यातल्या एकाने गरम चहा इतक्या घाईने गिळला की त्याची जीभ भाजलीच असणार. भाजू दे मेल्याची. विनोद चांगला होता, हेच मला सहन झालं नाही.

तो नीट समजायचा तर आठ वर्षं मागे जावं लागेल, आणि मागे जायचं म्हणजे स्वतःची लाज स्वतःच चव्हाट्यावर मांडायची. मांडते. आजवर झाकून ठेवून तिचं काही भलं झालेलं नाही.

सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर असतो. त्याच्याबाहेर जे विरळ वातावरण लांबवर पसरलेलं आहे, ज्याला आम्ही प्रभामंडल म्हणतो, ते मात्र दहा-वीस लाख अंशांवर तापलेलं असतं. शेगडीपासून दूर सरकावं तर जास्तच भाजावं, असा हा उलटा कारभार. वर एवढी उष्णता पोचवतं कोण? एक गट म्हणतो, पृष्ठभागाच्या खळबळीतून लाटा उठतात, चुंबकीय दोऱ्यांवरून वर चढतात आणि वर जाऊन विरताना आपली ऊर्जा तिथे सोडतात. दुसरा गट म्हणतो, ते दोरेच एकमेकांत गुंततात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि प्रत्येक वेळी एक बारीकसा स्फोट होतो. असे असंख्य स्फोट मिळून हा ताप. दोन्ही गट वर्षानुवर्षं भांडताहेत. भांडण अजून मिटलेलं नाही. मी लाटांच्या गटातली. आमच्या घरात भांडणात मागे राहायची पद्धत नाही, त्यामुळे मी त्या गटातही पुढे.

आणि आठ वर्षांपूर्वी मला लाट सापडली. चुंबकीय दोऱ्यांवर प्रभामंडलात ज्या तेजस्वी कमानी उभ्या राहतात, त्यांचा उजेड आमच्या दुर्बिणीतून एका अरुंद फटीवर पडायचा. फटीतून आत येणारा उजेड दर दोनशे सोळा सेकंदांनी थोडा वाढायचा, थोडा कमी व्हायचा. एकोणीस दिवस मी मोजत होते. एकोणीस दिवस तेच. त्या लाटेत किती ऊर्जा असेल याचा हिशेब मी मांडला, आणि तो प्रभामंडल तापवायला पुरेल इतका निघाला. माझ्या नावाला लोक ती लाट जोडून बोलायला लागले. परिषदेत मी व्यासपीठावर चढले की शेवटच्या रांगेतली माणसंही सरसावून बसायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आता बाबांकडे येते.

बाबा त्याच वेधशाळेत यंत्रांचे मिस्त्री होते. दुर्बीण सूर्यामागे फिरवणारं मोठं चाक त्यांनी स्वतः लेथवर तासलेलं, मी शाळेत असताना. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे मायक्रॉन. कारण मिलिमीटरच्या त्या हजाराव्या भागाखेरीज त्यांना दुसरं मापच माहीत नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं तर ‘दोन मायक्रॉन हवंय’ म्हणायचे, आणि आई म्हणायची, ‘मग चमचा सोडा आणि पट्टी आणा.’ नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी नोंदवहीत एकही माप अंदाजाने लिहिलं नाही. एकदा तापात असताना घेतलेलं माप त्यांनी बरं झाल्यावर जाऊन पुन्हा घेतलं होतं. घरी ते मला ‘अगं’ म्हणायचे. वेधशाळेच्या फाटकातून आत शिरलं की ‘मॅडम’. मी हसायचे, पण ते ऐकून घेत होते थोडेच! तिथे मी निरीक्षक आणि ते मिस्त्री, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

विसाव्या दिवशी बाबा नियंत्रण कक्षात आले. बाहेरून पाच पाहुणे आले होते, माझी लाट बघायला. बाबांच्या हातात चुरगळलेला कागद होता आणि बोटांना तेल.

‘‘मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं.’’

‘‘बोला ना.’’ मी पडद्यावरून मान वळवली नाही.

‘‘बाहेर आलात तर बरं होईल.’’

‘‘मास्तर, मी कामात आहे. इथेच बोला.’’

मग ते इथेच बोलले, हळू आवाजात. ‘‘चाकाला चारशे दात आहेत. चाक दिवसात एक फेरा घेतं. दिवसाचे सेकंद भागिले चारशे केले तर दोनशे सोळा येतात. वर्मचा एक फेरा तेवढ्याच वेळात होतो. मी काल डायल लावून बघितलं, वर्म चार मायक्रॉन डुलतोय. दर फेऱ्याला दुर्बीण केसभर सरकते आणि परत येते. मला पंधरा दिवस द्या. उतरवून घासून देतो.’’

वर्म म्हणजे चाकाला फिरवणारा लांब आट्यांचा स्क्रू. तो डुलला की दुर्बीण डुलणार, दुर्बीण डुलली की कमान फटीवरून किंचित बाजूला जाणार, उजेड कमी होणार. परत जागेवर आली की वाढणार. भागाकार चौथीच्या पोराला जमेल असा. मला तो त्याच क्षणी पटला. पाच पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणाले, ‘‘मास्तर, तुम्ही ग्रीसचं बघा. सूर्याचं आम्ही बघतो.’’

पाहुणे हसले. बाबाही हसले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि जाताना दार आवाज न करता लावून घेतलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. यंत्रात काहीही सापडलं की मिस्त्रीने यंत्राच्या नोंदवहीत लिहायचं आणि खाली त्या दिवसाच्या निरीक्षकाने सही करायची. संध्याकाळी नोंदवही माझ्या टेबलावर आली. बाबांच्या तिरक्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: चारशे दात, चार मायक्रॉन, दोनशे सोळा सेकंद, पंधरा दिवसांची विनंती. शेवटी ‘निरीक्षकांना तोंडी कळवले’. मी खाली सही केली. वाचून केली. सही करताना मनाशी म्हटलं, सूर्यावरही तीन-चार मिनिटांचे हेलकावे असतातच, योगायोग असू शकतो. पंधरा दिवस दुर्बीण बंद ठेवली तर चांगल्या हवेचा मोसम हातचा जाईल. अशी कारणं काढायला बुद्धी लागते, आणि ती मला भरपूर मिळाली होती.

लाटेवरचा माझा लेख छापण्याआधी तपासणाऱ्यांनी पत्रातून विचारलं, हा तुमच्या यंत्राचा दोष नाही कशावरून? मी उत्तर लिहिलं: यंत्राची तपासणी पस्तीस वर्षांचा अनुभव असलेल्या यंत्रज्ञाने केली आहे. वाक्य अक्षरशः खरं होतं. तपासणीत काय निघालं ते मी लिहिलं नाही.

त्या रात्री जेवताना बाबांनी तो विषय काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. मी त्याचा सोयीचा अर्थ घेतला, की त्यांना पटलं असेल.

पाच वर्षांनी बाबा निवृत्त झाले. मंगळवारी तेवढे पिशवीत आपला मायक्रोमीटर घालून वर्कशॉपात जायचे, नव्या माणसांना मापं घ्यायला शिकवायला. पगार नाही, काही नाही. पण मंगळवारी सकाळी ते दाढी जरा जास्त घोटून करायचे.

आणि मागच्या वर्षी जुनं चाक काढून नवं बसवलं. नव्याला तीनशे साठ दात. आमच्याकडे एक तरुण सहकारी आला होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. त्याने माझी लाट नव्या चाकावर पुन्हा मोजली. ती दोनशे चाळीस सेकंदांची निघाली; नव्या चाकाचा वर्मही किंचित डुलत होताच. त्याने दिवसाचे सेकंद तीनशे साठने भागून पाहिले, मग जुने चारशेने भागून पाहिले, आणि मग तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर पंधरा कोटी किलोमीटरचा वळसा घातला होता, आणि तोही कळसा काखेत आहे हे माहीत असताना.

चौकशी समिती नेमली गेली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. संचालक स्वतः अध्यक्ष. त्यांनी सौम्यपणे विचारलं, ‘‘लेख लिहिला तेव्हा या दोषाची तुम्हाला कल्पना होती?’’

चूक असणं वेगळं आणि माहीत असून छापणं वेगळं. चूक झाली तर शुद्धिपत्र छापतात, दोन दिवस लोक हसतात, पुढे जातात. माहीत असून छापलं तर माणूस संपतो. मला हे बरोबर माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मला कुणी सांगितलं नव्हतं.’’

वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. ‘नाही’वर थांबले असते तरी चाललं असतं. ते ‘कुणी’ माझ्या तोंडून का निघालं, याचा विचार मी आजही करते. वेधशाळेत हे सांगू शकणारं माणूस एकच होतं.

घरी गेले तर बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. आई शेजारी गेलेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, समितीने काय विचारलं आणि मी काय बोलले ते. वाटलं होतं, ओरडतील. एक थोबाडीत देतील तर बरं, असंही वाटलं.

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. ‘‘आता नोंदवही मागवतील.’’

‘‘हो. उद्या-परवा.’’

‘‘पानावर तुझी सही आहे.’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, आणि पुढची पाकळी घेतली. ते ‘बरं’ कशाचं आहे हे मला अर्धं कळलं होतं. पूर्ण कळून घ्यायचं मी टाळलं.

दोन दिवसांनी संचालकांनी मला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. तिरकं अक्षर लांबूनच ओळखू आलं. ‘वर्म चार मायक्रॉन डुलत असल्याचे मला त्या वर्षी माहीत होते. चाक माझ्या हातचे असल्याने कमीपणा वाटून मी ते निरीक्षकांना कळवले नाही. नोंदवहीतील त्या दिवसाचे पान मी स्वतः काढून नष्ट केले आहे. यात निरीक्षकांची काही चूक नाही.’ खाली सही, तारीख. वेळही घातली होती, नोंदवहीत घालायचे तशी.

‘‘तुमच्यासाठी हे किती कठीण असेल, मी समजू शकतो,’’ संचालक म्हणाले. ‘‘पण माणूस म्हणून मला मास्तरांबद्दल आदरच वाटतो. कुणी विचारायच्या आत स्वतःहून येऊन कबूल केलं.’’

मी त्या कागदाकडे बघत होते आणि पहिली गोष्ट मला काय वाटली असेल? हायसं वाटलं. पान गेलं, सही गेली. खांद्यांवरचं ओझं असं उतरलं की मी खुर्चीत मागे टेकले. नंतर लाज आली. पण आधी हायसं वाटलं, आणि तो क्रम आता मला बदलता येत नाही.

शुद्धिपत्र छापून आलं. ‘यंत्रज्ञाने न कळवलेल्या यांत्रिक दोषामुळे’ असे शब्द होते. मीच लिहिले. संचालकांनी ‘यंत्रज्ञाने’ हा शब्द गाळला तरी चालेल असं सुचवलं होतं, पण मग दोष कळवायला हवा होता कुणी, हा प्रश्न उरला असता. मी तो शब्द ठेवला.

लोक माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागले. उलट जरा जास्तच नीट. माझं काम वडिलांमुळे गेलं आणि मी त्यांच्याविरुद्ध अवाक्षर काढत नाही, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मी मूग गिळून बसले होते, त्याला लोक माझा मोठेपणा समजत होते.

एका मंगळवारी मी सर्दीमुळे घरी होते. अकराच्या सुमाराला आईने डबा माझ्यासमोर आदळला.

‘‘जा, तुझ्या बाबांना देऊन ये. विसरून गेलेत.’’

‘‘वर्कशॉपात? एवढ्या लांब?’’

‘‘वर्कशॉपात कशाला? कोपऱ्यावरच्या बस-थांब्यावर बसलेत.’’

‘‘बस-थांब्यावर?’’

‘‘चौथा मंगळवार आहे हा. भाजी आणायला गेले तेव्हा दिसले. सकाळी पिशवी घेऊन निघतात, दिवसभर तिथे बसतात, पाचला घरी येतात आणि मला सांगतात, आज नव्या माणसाला अमुक शिकवलं, तमुक शिकवलं. मी पण हो का, हो का करते.’’ आईने डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. ‘‘चाळीस वर्षांत या माणसाने मला भाजीचा भावसुद्धा खोटा सांगितला नाही. काय केलंस तू त्यांचं?’’

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, इतकंच. मी डबा उचलला आणि निघाले.

बाबा थांब्याच्या बाकड्यावर एका टोकाला बसले होते, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. बस आली, माणसं उतरली, चढली, बस गेली. बाबांनी चालकाला हात केला. त्यानेही केला. एवढी ओळख झाली होती.

मी शेजारी बसले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘आईला कळलं वाटतं.’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘अरेरे,’’ ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. ‘‘उगाच तिला दर मंगळवारी ऐकून घ्यावं लागलं.’’

‘‘वर्कशॉपात का जात नाही?’’

‘‘फोरमन म्हणाला, मास्तर, सध्या नको. नवी माणसं कुजबुजतात. ज्याने स्वतःचा दोष लपवला त्याच्याकडून मापं काय शिकायची, असं. चुकीचं नाही म्हणत ते. मीही तेच म्हटलं असतं.’’

फोरमन म्हणजे बाबांनीच हाताला धरून तयार केलेला माणूस. बावीस वर्षांपूर्वी त्याला मायक्रोमीटर धरता येत नव्हता. बाबा त्याला सगळ्यांदेखत ‘अरे गाढवा’ म्हणायचे आणि तो खूश व्हायचा.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर्दी होती म्हणून नाक पुसायला निमित्त होतं. ‘‘बाबा, तुम्ही असं का लिहून दिलंत?’’

‘‘तुझी नोकरीची अजून एकवीस वर्षं आहेत. माझं झालं करून.’’ त्यांनी डबा पिशवीत नीट उभा ठेवला. ‘‘आणि चाक माझंच होतं ना गं. डुलत होतं, हे काही खोटं नाही.’’

‘‘पण तुम्ही मला सांगितलं होतं!’’

‘‘हळू बोल,’’ ते म्हणाले. थांब्यावर एक बाई उभी होती.

गुरुवारी आमची साप्ताहिक बैठक असते. सगळे येतात, संचालकांपासून फोरमनपर्यंत. मी उभी राहिले आणि सांगितलं. काही सोडलं नाही. कागद, तेलाची बोटं, पाच पाहुणे, ग्रीसचं वाक्य, नोंदवही, सही. लेख तपासणाऱ्यांना लिहिलेलं उत्तर. समितीसमोर बोललेलं खोटं. लसूणसुद्धा सांगितला. मनात म्हटलं, आता सुटले. आता मला काढून टाकतील आणि बाबा मंगळवारी वर्कशॉपात जातील.

बोलून संपलं. मग चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘मी माझ्या वडिलांसाठी एवढं केलं नसतं.’’

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि कळलं. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसं आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाकडे बघतात.

‘‘अहो, मी खरं सांगतेय!’’ मी टेबलावर हात आपटला. ‘‘सही माझी होती. मी वाचून केली होती.’’

‘‘पान कुठे आहे?’’ संचालकांनी विचारलं. अगदी मायेने विचारलं.

‘‘नाही. तुम्हाला माहीत आहे नाही म्हणून.’’

‘‘पाहुण्यांपैकी कुणाला आठवतं का, मी लिहून विचारतो हवं तर. पण आठ वर्षांपूर्वी एक मिस्त्री काय पुटपुटला, ते कुणाच्या लक्षात राहणार?’’ त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे केला. ‘‘हे बघा. मास्तरांनी आख्ख्या नोकरीत एक खोटा आकडा लिहिला नाही. त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय की मी सांगितलं नाही. आता एका बाजूला मास्तरांचं लेखी, दुसऱ्या बाजूला वडिलांसाठी जीव तुटणारी मुलगी. तुम्हीच सांगा, मी कुणाचं धरू?’’

मी आणखी ओरडले. जितकी ओरडले तितकं त्यांना पटत गेलं. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आयुष्यात पुष्कळ टाळ्या मिळाल्या मला. त्यातल्या निम्म्या या लाटेसाठी. पण त्या दुपारी भिंतीत तोंड घालावंसं वाटलं.

मी तडक घरी गेले. ‘‘बाबा, चला. आत्ताच्या आत्ता चला आणि त्यांना खरं सांगा. माझं कुणी ऐकत नाही.’’

बाबांनी मला आधी बसायला लावलं. मग म्हणाले, ‘‘बाळ, मी एकदा लिहून दिलंय. आता जाऊन सांगू की ते खोटं होतं? मग माझं खरं काय काय होतं, हे कोण शोधत बसणार? त्या दुर्बिणीवर सगळ्यांनी केलेल्या कामाखाली माझी मापं आहेत. एक खोटं निघालं की सगळी काढून बघतील.’’

‘‘पण त्यांनी तुम्हाला लबाड ठरवलंय!’’

‘‘लपवणारा ठरवलंय. चुकीची मापं लिहिणारा नाही ठरवलं.’’ ते खिडकीकडे वळले. ‘‘तेवढं राहू दे मला.’’

माझ्या भाषणाचा परिणाम झाला, नाही असं नाही. संचालकांचं मन हेलावलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोरमनला बोलावून सांगितलं, झालं गेलं विसरू, मास्तरांना येऊ द्या, त्या मुलीकडे बघून तरी येऊ द्या. फोरमन स्वतः आमच्या घरी आला. आईने चहा केला, पण ती बाहेर आली नाही.

मंगळवारी मी बाबांना घेऊन गेले. वर्कशॉप तसंच होतं, लेथची रांग, लोखंडाचा कीस, खिडकीखाली मापांचं टेबल. बाबांनी पिशवीतून मायक्रोमीटर काढला, पुसला. टेबलावर पोलादी दांड्याचा एक तुकडा तपासायला ठेवलेला होता. बाबांनी तो तीन ठिकाणी मोजला, दर वेळी श्वास रोखून, आणि आकडा नोंदवहीत लिहिला. बारा पूर्णांक शून्य शून्य तीन मिलिमीटर. त्याच तिरक्या अक्षरात.

ते लिहून बाजूला झाले तसा फोरमन पुढे आला. त्याने खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला आणि तोच तुकडा पुन्हा मोजायला घेतला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. संचालकांनी त्याला तशी अट घातली होती, आणि तो शक्य तेवढं लपवत, हलक्या हाताने करत होता. बाबा हात मागे बांधून उभे राहिले आणि वाट बघत राहिले. नवी माणसंही बघत होती. एवढा वेळ लागला नव्हता कधी एक तुकडा मोजायला.

‘‘बरोबर आहे, मास्तर,’’ फोरमन म्हणाला आणि बाबांच्या आकड्याखाली त्याने आपली सही केली.

‘‘थँक्यू, साहेब,’’ बाबा म्हणाले.

फोरमनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. मला धीर देत होता तो.